चारचाकी जाईल तिथवर बंड्या

बिग बेंड नॅशनल पार्कमधला कुत्र्यांसाठीचा नियम एका वाक्यात मावतो: चारचाकी जिथवर जाते, तिथवरच कुत्रा. पायवाटेवर नाही, नदीत नाही, रस्ता सोडून माळावर तर नाहीच. पट्टाही सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. ऑस्टिनहून निघताना मित्रमंडळी म्हणाली, "मग त्याला नेता कशाला? ठेवा की कुठेतरी." पण बंड्या आमच्याकडे आला तो बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून. पिंजऱ्याच्या दारासारखा आवाज झाला तरी तो अजून पलंगाखाली शिरतो. त्याला सोडून जायचा प्रश्नच नव्हता.

टेक्सासच्या पश्चिम भागात रिओ ग्रँड नदी मोठा वळसा घेते. अलीकडे हे उद्यान, पलीकडे मेक्सिको. 1944 साली स्थापन झालेलं, 8 लाख एकरांहून मोठं. मॅरेथॉन नावाच्या छोट्या गावातून पँथर जंक्शनपर्यंत, म्हणजे उद्यानाच्या मुख्य केंद्रापर्यंत, 69 मैलांचा सरळ रस्ता आहे आणि मध्ये पेट्रोल नाही, दुकान नाही. त्यामुळे टाकी आणि पाण्याचे कॅन मॅरेथॉनमध्येच काठोकाठ भरून घ्यायचे. पँथर जंक्शनच्या अलीकडे जीवाश्मांचं छोटं प्रदर्शन आहे, ते चुकवू नका. क्वेट्झलकोआट्लस हा पंख पसरले की दहा मीटरांच्या घरात जाणारा उडता सरपटणारा प्राणी 1971 मध्ये इथेच सापडला.

कुत्र्यांचा तो नियम जाचक वाटतो तो कच्च्या रस्त्यांवर येईपर्यंत. ओल्ड मॅव्हरिक रोड हा 14 मैलांचा कच्चा रस्ता. त्यावरून गाडी जाते, म्हणजे बंड्यालाही मुभा! पहाटे नवरा वॅन बाजूला लावून चहा टाकायचा आणि मी बंड्याला घेऊन चालत सुटायची. तासाभरात एखादी गाडी दिसली तर दिसली. फेब्रुवारीत रस्त्याच्या कडेला निळ्या ब्लूबॉनेटची फुलं होती, गुडघ्याच्याही वर गेलेली. एकदा रोडरनर पक्षी आमच्यापुढे बराच वेळ धावत राहिला आणि बंड्या चक्क गप्प उभा राहिला. तो मांजरालाही सोडत नाही, म्हणून सांगते.

काट्यांचं मात्र काही विचारू नका. निवडुंग, ओकोटियो आणि लेचुगिया. लेचुगियाची पानं म्हणजे जमिनीतून वर काढलेले सुरेच. कुत्र्याचे बूट आम्ही नेले होते. बंड्याने ते दातांनी ओढून काढले. मग रोज संध्याकाळी बॅटरी, चिमटा आणि चारी पंजे, असा कार्यक्रम. कुत्रा घेऊन जाणाऱ्यांनी बाकी काही विसरलं तरी चालेल, चिमटा विसरू नये.

पायवाटांसाठी आम्ही पाळ्या लावल्या. एकाने जायचं, दुसऱ्याने बंड्याजवळ थांबायचं. कॅस्टोलन या जुन्या वस्तीच्या पुढे सांता एलेनाची खिंड माझ्या वाट्याला आली. टर्लिंग्वा ओढ्यातलं घोटाभर पाणी ओलांडलं आणि दोन्ही बाजूंनी 1,500 फुटांच्या चुनखडीच्या भिंती उभ्या राहिल्या. डावीकडची भिंत मेक्सिकोची, उजवीकडची अमेरिकेची, मधल्या पाण्याला दोन्हीचं सोयरसुतक नाही. मी मूळची साताऱ्याची, त्यामुळे कडा म्हटला की डोळ्यांसमोर लाव्हाचा काळा कातळ येतो. तसा लाव्हाही इथे आहे: येतानाच सेरो कास्तेलानचा सुळका लागतो, माथ्यावर लाव्हा आणि खाली फिकट राखेचे थर. पण ही खिंड एकेकाळच्या समुद्रतळाची आहे. भिंतीत शिंपल्यांचे ठसे दिसले तेव्हा ते दाखवायला शेजारी कोणी नव्हतं. परत येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "सावकाश सांग गं, मी पाहिलेलं नाही."

दुसऱ्या पाळीला तो चिसोस डोंगरात लॉस्ट माइनच्या वाटेवर गेला, जाऊन-येऊन 4.8 मैल. चिसोस बेसिनला, म्हणजे या डोंगरांमधल्या खोलगट भागाला, जाणारा रस्ता इतका वळणाचा आणि चढाचा आहे की 24 फुटांपेक्षा लांब मोटरहोम नेऊ नये असं पार्कचं सांगणं असतं. आमची वॅन त्यात बसते. नदीकाठी अर्ध्या बाह्या, 5,400 फुटांवरच्या बेसिनमध्ये स्वेटर. तो वर असताना मी वॅनच्या दारात बसून मेतकूट-भात खाल्ला आणि बंड्याचं खाणं लोखंडी पेटीत बंद केलं. इथे काळी अस्वलं आहेत आणि कुत्र्याचं खाणं हे त्यांच्या दृष्टीने खाणंच. 1940 च्या दशकात ती इथून पार नाहीशी झाली होती. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोतल्या डोंगरांतून, नदी ओलांडून, आपली आपण परत आली. कोणी आणून सोडली नाहीत. मला या उद्यानातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

नवरा उतरून आला तो दगडी सुळक्यांबद्दल, वरून दिसणाऱ्या मेक्सिकोतल्या रांगांबद्दल बोलतच. एरवी आम्ही दोघं एकच दृश्य पाहतो, त्यामुळे त्यावर बोलायचं काही राहत नाही. इथे रोज रात्री एकाकडे बातमी असायची. 2012 मध्ये या उद्यानाला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. दिवे बंद केले की हाताचा पंजा दिसत नाही, वर मात्र तारेच तारे. त्या अंधारात हावेलिनांचा कळप वॅनच्या आसपास खुडबुडत फिरला, तेव्हा बंड्याने अख्खं कॅम्प जागं केलं. रानडुकरांसारखे दिसणारे हे प्राणी कुत्र्याला जखमी करू शकतात. रात्री कुत्रा गाडीतच हवा.

परतीच्या वाटेवर बॉर्डर पॅट्रोलची, म्हणजे सीमेवरच्या गस्ती दलाची, चौकी लागते. अधिकाऱ्याने आमचं नागरिकत्व विचारलं, आत आणखी कोण आहे विचारलं. उत्तर बंड्यानेच दिलं, सगळ्या ताकदीनिशी. अधिकारी हसला आणि हाताने पुढे जा म्हणाला. मॅरेथॉनला पेट्रोल भरताना वाद सुरू झाला तो ऑस्टिनपर्यंत पुरला: पुढच्या खेपेला लॉस्ट माइन माझं, हे ठरलंय, पण सांता एलेना त्याला द्यायची की पुन्हा मीच जायचं?