काच जुनी, हे कशावरून?

उत्खननातल्या मण्यांच्या डब्या कुणासमोर उघडल्या की एक प्रश्न हमखास येतो: ही काच दोन हजार वर्षांपूर्वीची कशावरून? गेल्या जत्रेतली फुटकी बांगडी कशावरून नाही? प्रश्न रास्तच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आधी मातीकडे बघायचं, मग काचेकडे. मराठवाड्यात जुन्या गावांच्या कडेला पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं असतात. तेर त्यातलं नामांकित; पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत आलेलं तगर ते हेच. माणसं राहिली, घरं पडली, त्यांवरच नवी उभी राहिली, असे थर चढत गेले. पण ते शाबूत कुठले राहायला! कुणी धान्यासाठी पेव खणलं, घुशींनी बिळं केली, घरांसाठी लोकांनी पांढरी माती उपसून नेली. मग वरचं खाली उतरतं. दख्खनच्या जुन्या वसाहतींत बहुरंगी काचेच्या बांगड्या बहमनी काळापासून मुबलक मिळतात. तसला तुकडा त्याआधीच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन थरात दिसला, तर मी आधी पेवाची कड शोधते. भरून आलेल्या खड्ड्यातली माती भुसभुशीत लागते, तिचा रंगही जरा वेगळा असतो.

मग भिंग. मोहरीएवढा निळा मणी उजेडासमोर धरला की आतले हवेचे बुडबुडे दिसतात. ते भोकाला समांतर, लांबुळके असतील तर मणी ओढीव: तापलेल्या काचेची पोकळ नळी ओढायची, तिचे बारीक तुकडे पाडायचे, पुन्हा तापवून कडा गोल करायच्या. काच सळईभोवती गुंडाळली असेल तर रेघा भोकाभोवती फिरतात. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला असे ओढीव मणी बनत, आणि आंध्रातल्या पापानायुडुपेटला ही रीत आपल्या काळापर्यंत टिकून राहिली. म्हणूनच नुसत्या घडणीवरून मण्याचं वय सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

पुढचा प्रश्न असतो, रोमन आहे का? याचं उत्तर रासायनिक तपासणीत थोडंफार मिळतं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या काचेत खाऱ्या मातीवर फुलणारा सोडा आणि इथली वाळू असल्यानं अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) जास्त निघतं. भूमध्य समुद्राकडच्या, नेट्रॉन या खनिज सोड्याच्या काचेत ते कमी असतं. तरी घाई नको. ‘पेरिप्लस’मध्ये भडोचला उतरणाऱ्या मालात कच्च्या काचेचीही नोंद आहे. म्हणजे काच तिकडची आणि मणी इकडचा, असंही घडू शकतं. मला तर हीच शक्यता सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिच्यात इथला कारागीर दिसतो.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून, टेकाडांवरून अशा कितीतरी वस्तू जमवल्या. आज त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तिथे आहे. त्यांनी हे केलं नसतं तर तो ठेवा केव्हाच विखुरला असता. पण टेकाडावर उचललेल्या मण्याचा थर ठाऊक नसतो. त्याचा ताळा उत्खननात थरासकट मिळालेल्या मण्यांशीच घालावा लागतो.

तुमच्या शेतात एखादा सापडलाच, तर नेमकी जागा टिपून ठेवा, फोटो काढा आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा. काचेवरची सप्तरंगी झाक मात्र घासू नका. ती घाण नव्हे. जमिनीतल्या ओलीनं सोडा झिरपून गेल्यावर उरलेले ते काचेचेच पापुद्रे असतात, आणि नखानंसुद्धा सुटून येतात.