बांध १ उघाडी ३

ठाण्यात मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करून देण्याचे काम मी करते. बहुतेक कागद जमिनींचे असतात आणि त्यांचा मजकूर ठरावीक वळणाचा असतो. परंतु खारेगावातील एक वृद्ध शेतकरी नातवासह जो कागद घेऊन आले, त्याने माझा अख्खा दिवस घेतला.

कालगणना वाचतानाच मी सुखावले होते. ‘सलास सबैन मया व अलफ’ हे अरबी संख्याशब्द आहेत: तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११७३. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे वर्ष पालटते, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२ चा जून येतो. ‘शुहूर’ हे महिना या अर्थाच्या अरबी शब्दाचे अनेकवचन. ज्या शेतकऱ्याला अरबीचा गंधही नव्हता, त्याच्या पेरणीचे साल त्या भाषेत मोजले जात होते, याचे मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटते.

पुढे खारजमिनीचे वर्णन होते आणि त्यात मी वाचले, ‘बांध १ उघडी ३’. बांध तीन ठिकाणी उघडा, म्हणजे फुटलेला, असा अर्थ मी लावला आणि तसे बोलूनही दाखवले. आजोबा ताडकन म्हणाले, “ताई, उघरी नाय, उघारी! बांध फुटला तं त्याला खांड गेली म्हंतान.”

गाडीला ‘गारी’ म्हणणाऱ्या आगरी बोलीतला तो ‘र’ मी मनात ‘ड’ केला आणि भिंग घेऊन पुन्हा कागदावर वाकले. मोडीत शिरोरेघ आधी ओढतात, शब्द सुटे ठेवत नाहीत आणि घाईच्या हाताचा काना अक्षराच्या वळणात सहज विरघळतो. ‘घ’ला खेटून बोरूची एक बारीक उतरती रेघ खरोखरच होती. शब्द ‘उघाडी’ होता.

आजोबांनी टेबलावर एक तळहात उभा धरून दुसऱ्या हाताने समजावले. बांधातील मोरीला खाडीच्या बाजूने वर टांगलेली लाकडी झडप असते. भरतीचे पाणी तिला दाबून बंद करते, त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत जाते. माणसाने हात लावायचा नसतो. तिचे नाव उघाडी.

संस्कृत ‘उद्घाटयति’, प्राकृत ‘उग्घाडेइ’ आणि त्यावरून आपले ‘उघडणे’ ही साखळी मला पाठ होती, पण तिच्या टोकाला खाडीकाठची एक फळी लटकते आहे, हे मला त्या दिवशी कळले. फिती कापून होणारे उद्घाटन आणि ओहोटीला आपसूक उघडणारी ही झडप एकाच धातूची लेकरे आहेत, आणि मला विचाराल तर त्या धातूशी अधिक इमान राखले ते उघाडीने. एका कान्याने मोडका बांध धडधाकट झाला होता, आणि जमिनीच्या कागदात हा फरक लहान नव्हे.

मी मजकूर दुरुस्त करून मोठ्याने वाचला. आजोबांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली, मग बोटे मोजत नातवाला सांगितले की त्यांतल्या दोन भरावाखाली गेल्या आणि तिसरीची फळी त्यांनी स्वतः दोनदा बदलली आहे.