लेडनित्से: पाण्यातून वर काढलेले उद्यान

गोव्यातील चोडण बेट हे माझे आजोळ. तेथील खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल भातशेतीच्या, बांधावरून चालताना आजोबा मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दारापाशी, हमखास थांबत आणि भरतीचे पाणी दाराच्या फळ्यांना कसे रेटते आहे ते मला दाखवीत. गेल्या वर्षी चेक प्रजासत्ताकातील लेडनित्सेचा प्रासाद आणि त्याचे उद्यान पाहिले, तेव्हा मला आठवली ती हीच मानस. म्हणूनच येथे इमारतीपेक्षा तिच्या मागच्या पाण्याविषयी मी अधिक लिहिणार आहे.

दक्षिण मोराव्हियातील, ऑस्ट्रियाच्या सीमेलगतचे हे गाव 13व्या शतकाच्या मध्यास लिख्टेनश्टाइन घराण्याच्या हाती आले. घराण्याचे मुख्य निवासस्थान शेजारच्या वाल्टित्से येथे होते आणि लेडनित्से हे उन्हाळ्यातील वास्तव्याचे ठिकाण. 17व्या शतकाच्या अखेरीस योहान बर्नहार्ड फिशर फॉन एर्लाख या वास्तुकाराने आखलेल्या भव्य अश्वशाळा आजही उभ्या आहेत. मुख्य प्रासादाला मात्र सध्याचे रूप 1846 ते 1858 या काळात, आलोइस दुसरा या राजपुत्राच्या इच्छेने मिळाले. त्याचा वास्तुकार गेओर्ग विंगेलम्युलर 1848 मध्ये निवर्तला आणि उरलेले काम योहान हाइड्रिखने पुरे केले. टोकदार कमानी, कंगोरे आणि मनोरे पाहून वास्तू मध्ययुगीन वाटते. प्रत्यक्षात ती इंग्लंडमधील ट्यूडर गॉथिक शैलीवर मन जडलेल्या 19व्या शतकाची निर्मिती आहे. ग्रंथालयातील ओक लाकडाचा कोरीव चक्राकार जिना पाहिल्यावर या शैलीला नुसते अनुकरण म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

प्रासादाला लागूनच 92 मीटर लांबीचे, बिडाच्या खांबांवर पेललेले काचगृह आहे. ते 1843 ते 1845 या काळात, म्हणजे प्रासादाच्या पुनर्बांधणीच्याही आधी उभे राहिले. बाहेरच्या थंडीतून आत पाऊल टाकताच अंगाला बिलगलेली दमट ऊब थेट आषाढातल्या गोव्याची होती.

आता पाणी. प्रासादामागून दिये नदी वाहते आणि पूर्वी तिच्या पुराने येथील सखल कुरणे वरचेवर बुडत. 1805 ते 1811 या वर्षांत नदीचे प्रवाह वळवून येथे एक मोठा तलाव खोदण्यात आला, निघालेल्या मातीने उद्यानाची पातळी उंचावण्यात आली आणि तलावात 15 बेटे राखण्यात आली. आज त्या बेटांवरचे जुने वृक्ष पाहणाऱ्याला हे सारे निसर्गानेच घडवले असावे असे वाटते. आपल्याकडे गावकरीने, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेने, चिखलाचे बांध घालून खाऱ्या पाण्याला शेताबाहेर ठेवले ते भातासाठी. तेथे एका घराण्याने आपल्या संपत्तीच्या बळावर पाणी हलवले ते पुरापासून बचाव आणि डोळ्यांचे सुख या दोन्हींसाठी. हेतू वेगळे असले, तरी पाण्याचा कल ओळखून मातीची जागा ठरवण्याची विद्या मला एकच वाटली.

तलावाच्या पैलतीरावर सुमारे 60 मीटर उंचीचा मिनार आहे. त्याचे काम योसेफ हार्टमुटच्या आराखड्यानुसार 1797 मध्ये सुरू झाले. जमीन इतकी दलदलीची होती की आधी अल्डर वृक्षाचे खांब खोल ठोकून पाया धरावा लागला. पाण्याखाली हे लाकूड कुजत नाही, हे ठाऊक असणाऱ्या माणसांचे ते काम होते. (ग्राफाइट आणि चिकणमाती मिसळून पेन्सिली बनवणारा तो हाच हार्टमुट, त्याच्या वारसांनी पुढे आपल्या पेन्सिलीला कोहिनूर हिऱ्याचे नाव दिले.)

लिख्टेनश्टाइन घराण्याची ही मालमत्ता 1945 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने ताब्यात घेतली. 1996 मध्ये लेडनित्से आणि वाल्टित्से मिळून एक विस्तीर्ण प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. केवळ दोन प्रासादांना नव्हे, तर त्यांच्यामधील तळी, वने आणि वृक्षरांगांनाही हा मान मिळाला, हे मला फार योग्य वाटते.

मिनाराच्या 302 पायऱ्या चढून मी वरच्या सज्जात पोहोचलो, तेव्हा ऊन कलले होते. एवढा मोठा प्रासाद तेथून झाडांच्या कडेला बसवलेल्या खेळण्याएवढा दिसत होता आणि त्याच्यापर्यंत सारे पाणीच होते, बेटांना वळसे घालत निघालेले.