केनियाचा पाहुणा, पंचहौदाचा चहा आणि केडगावची गाडी

कोणी परदेशी तरुण जूनमध्ये तुमच्या चर्चच्या मंडळीत सेवेला येणार असेल, तर तिकीट काढण्याआधी कालनिर्णय बघा. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात असतात तेव्हा पेठांमधले रस्ते बंद असतात आणि सामान घेऊन आलेला माणूस स्वारगेटलाच अडकतो. एक तर त्या दिवसांच्या चांगला अलीकडे-पलीकडे बोलवा, नाही तर मुद्दाम त्याच दिवसांत बोलवा. आम्ही मुद्दाम बोलावलं होतं असं पाळकसाहेब आता सांगतात. असो.

पाहुणा केनियातल्या केरिचोचा. चहाच्या मळ्यांचा तो जिल्हा. वय तेविशीच्या आसपास, अँग्लिकन मंडळीत वाढलेला, वर्षभर मुलांच्या वसतिगृहात राहून काम करायला आलेला. त्याला सुरुवातीचे दिवस फिरवण्याची जबाबदारी तरुण संघाने माझ्यावर टाकली, कारण मी घरून काम करते आणि म्हणून मी मोकळीच असते असा सगळ्यांचा पक्का समज आहे. पुढच्या वर्षी ही पाळी ज्याच्यावर येईल त्याच्यासाठी हे लिहून ठेवते.

आधी कागदपत्रं, कारण इथे भक्तिभाव कामाचा नाही. केनियाहून येणाऱ्याला पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं, आणि ती लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. कार्ड नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात रवानगी होऊ शकते. आमच्या पाहुण्याने ते पासपोर्टच्या पोटात ठेवलं होतं, त्यामुळे मुंबईत फार वेळ गेला नाही. व्हिसा मिशनरी वर्गाचाच हवा. टुरिस्ट व्हिसावर येऊन धर्मकार्य करता येत नाही, आणि 'आमच्याकडे कोण बघतंय' हे उत्तर जबाबदार माणसाच्या तोंडी शोभत नाही. परदेशी माणूस उतरला की ज्याच्या छपराखाली तो राहणार त्याने 24 तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (जुना 'फॉर्म सी') ऑनलाइन भरायचा. हे काम पाहुण्याचं नाही, यजमानाचं आहे, मग ते हॉटेल असो, वसतिगृह असो की तुमचं घर. व्हिसा 180 दिवसांच्या वरचा असेल तर 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची. तीही ऑनलाइन होते. लाइट बिल, संस्थेचं पत्र, फोटो, पासपोर्टची पानं, सगळं आधीच स्कॅन करून ठेवा. आमच्याकडे वसतिगृहाचं लाइट बिल कुणाच्या नावावर आहे यावरच एक दुपार गेली.

सिमकार्डाला वेळ लागतो. एका दुकानदाराने 'फॉरेनरला देत नाही' म्हणून तोंडावर शटर ओढायचंच काय ते बाकी ठेवलं. तोवर घरातला जुना फोन आणि तुमचंच सिम द्या. रोख पैसे आणि सुट्टे द्या. रस्त्यावरचा केळीवालासुद्धा क्यूआर कोड पुढे करतो आणि परदेशी कार्ड तिथे काही चालत नाही.

पहिल्या दिवशी त्याला गुरुवार पेठेत पंचहौद मिशनच्या चर्चला नेलं. रस्ते बंद होते, म्हणून मेट्रोने मंडईला उतरलो आणि चालत गेलो. पालख्यांच्या दिवसांत भुयारी मेट्रोसारखी सोय नाही, फक्त मंडईच्या जिन्यावर गर्दीत हात सोडू नका. पवित्र नाम देवालय 1885 चं. शेजारचा उंच घंटाघराचा मनोरा पेठेतल्या गल्ल्यांमधून अचानक डोकावतो. इंग्रज मिशनऱ्यांनी हे कॅम्पात न बांधता ऐन पेठेत बांधलं, ही गोष्ट पाहुण्याला फार आवडली. मी त्याला तिथली चहाची गोष्ट सांगितली. 1890 मध्ये याच मिशनमध्ये व्याख्यानाला पुण्याची बडी मंडळी आली, त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली, कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला, आणि डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली. मग जे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं भांडण, माजलं त्यात टिळक आणि रानडेही सापडले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. पाहुणा म्हणाला, चहासाठी? म्हटलं, बाबा रे, पुण्यात आहेस तू.

आमचा तरुण संघ पालखीच्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून वारकऱ्यांना चहा देतो. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, त्यामुळे मधल्या सगळ्या शाळा, वाडे, ओसऱ्या दिंड्यांनी भरलेल्या असतात. पाहुण्याच्या पाठीवरच्या पिशवीत घरून आणलेल्या इंग्रजी धर्मप्रचाराच्या पत्रकांचा गठ्ठा होता. त्याने विचारलं, चहाबरोबर एकेक देऊ का? मी नाही म्हटलं, आणि इथे मला स्पष्टच लिहायचं आहे. चालून दमलेला माणूस आपल्या देवाकडे निघाला आहे. त्याच्या हातात चहा द्यायचा, बाकी काही नाही. चहाला अट लावली की तो चहा राहत नाही. पाळकसाहेबांनीही तेच सांगितलं, जरा मऊ शब्दांत. पोरगा समजूतदार निघाला. गठ्ठा वसतिगृहातल्या कपाटात गेला, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे.

चहाचं मात्र त्याने थेट हातात घेतलं. केनियात चहा दुधात उकळूनच करतात, चपातीही घरोघरी असते, तेव्हा या बाबतीत तो आमच्यापेक्षा नवखा नव्हता. आमच्या मावश्या आधी पाणी, मग साखर, मग पूड, शेवटी दूध अशा क्रमाने जायच्या. याने पातेल्यात डोकावून पाहिलं, पूड मूठभर वाढवली, आलं पोळपाटावर लाटण्याने ठेचून टाकलं आणि उतू जायच्या बेतात आल्यावर ओगराळ्याने वरून धार सोडत राहिला. कागदी कप दुपारीच संपले. वारकऱ्यांचं अडत नाही, प्रत्येकाच्या झोळीत स्टीलचा पेला असतो. परभणीकडची एक आजी डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून कट्ट्यावर टेकली, दुसऱ्यांदा चहा मागितला, साखर वाढवून. मग त्याच्याकडे बघत मला विचारलं, "ह्यांच्याकडं पाऊस झाला का?" मी इंग्रजीत विचारलं. त्याने सांगितलं, केरिचोत जवळजवळ बारा महिने पडतो. आजी म्हणाली, "मग आमाला तिकडंच न्यायचं हुतं की!" आणि पदराने पेला पुसून झोळीत टाकला.

कुठला देव, कुठला धर्म, कुणी विचारलं नाही. चहा चांगला आहे एवढंच दिंडीत पसरलं असावं, कारण संध्याकाळी दूध कमी पडलं. पुढच्या वेळी दुधाची ऑर्डर दुप्पट द्या आणि पेले विसळायला दोन बादल्या जास्त ठेवा. पाहुण्याला रेनकोट आधी घेऊन द्या, छत्रीचा गर्दीत उपयोग नाही.

भाषेबद्दल. वसतिगृहातली मुलं इंग्रजी बोलायला उत्सुक असतात, त्यामुळे येणारा तरुण वर्षभर इंग्रजीतच राहून परत जाऊ शकतो. तसं होऊ देऊ नका. जुन्या मिशनऱ्यांना आधी मराठी शिकावीच लागे. सकाळी एक तास शिकवणी लावा आणि रविवारच्या उपासनेत त्याला टाळवाल्यांच्या शेजारी बसवा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं आणि अभंग आपल्याकडे टाळ-मृदंगावर म्हणतात. उच्चार सुधारायला त्याहून चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही. ळ त्याला आठवडाभर येत नव्हता, 'टाळ' म्हणताना आला.

शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाजवळून जाताना मी त्याला व्हेरिअर एल्विनची गोष्टही सांगितली. ऑक्सफर्डहून 1927 मध्ये ऐन पंचविशीत पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आलेला हा मिशनरी. पुढे गांधीजींच्या प्रभावाखाली आला, मध्य भारतात गोंडांमध्ये राहायला गेला, आणि शेवटी मिशनरीपण सोडून मानववंशशास्त्रज्ञ झाला. ही गोष्ट नव्या पाहुण्यांना सांगावी की नाही यावर आमच्या मंडळीत दोन मतं आहेत.

केडगावची, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची फेरी मात्र कुणी चुकवू नये. पंचहौदशी रमाबाईंचा जुना संबंध. इथल्या वाँटेज सिस्टर्सची, म्हणजे इंग्लंडमधल्या वाँटेजच्या जोगिणींची, ओळख झाल्यावर त्या इंग्लंडला गेल्या, 1883 मध्ये वाँटेजलाच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंचविशीची विधवा, सोबत लहान मुलगी, परका देश. तिथे त्या शेवटपर्यंत शाकाहारीच राहिल्या आणि धर्मातल्या प्रश्नांवर सिस्टर्सशी वादही घालत राहिल्या. पाहुण्याला पहिल्या आठवड्यात मटणाची आठवण यायला लागली होती, त्याला हे ऐकून जरा धीर आला. की राग आला, नक्की कळलं नाही.

केडगाव दोन आहेत. एक अहिल्यानगरला लागून, दुसरं दौंड तालुक्यातलं. आपल्याला दुसरं हवं. पुणे स्टेशनवरून दौंडकडे जाणारी पॅसेंजर किंवा डेमू घ्यायची. एक्स्प्रेसने जायचं मनात असेल तर ती केडगावला थांबते का, ते आधी बघा. वेळा बदलत असतात, आदल्या रात्री ॲपवर पाहून घ्या. रस्त्याने सोलापूर हायवे आहे, पण पुण्याहून निघाल्यावर तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी त्याच रस्त्याने जाते, म्हणून त्या दिवसांत रेल्वेच बरी. आम्ही गेलो तो यवतच्या मुक्कामाचा दिवस होता. यवतकर वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतात, आणि डब्यातली अर्धी माणसं तेवढ्यासाठीच निघाली होती. लोणीला तेलाचे टँकर, उरुळीला गांधीजींनी 1946 मध्ये सुरू केलेल्या निसर्गोपचार केंद्राचं गाव, मग दोन्ही बाजूंना ऊस.

मुक्ती मिशन म्हणजे स्त्रियांचं आणि मुलांचं राहतं घर आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. आधी फोन करून परवानगी घ्या, लहान गट न्या, मुलींचे फोटो काढू नका. 1897 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून मुलींना घेऊन आल्या, 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, छापखाना, अंध मुलींना ब्रेल. बायबलचं सोपं मराठी भाषांतर त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, छापखान्यातलं काम मुलींनी केलं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. पाहुणा देवालयात बराच वेळ बसला. बाहेर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो विहिरींना अजून पाणी आहे का, हा. मुलांच्या वसतिगृहात पाठवायला हा माणूस ठीक आहे असं मला तेव्हा वाटलं.

परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा, कारण संध्याकाळी खिडकीवर वारीहून परतणाऱ्यांची रांग असते. मुक्काम पूर्व पुण्यात असेल तर हडपसरला उतरा, स्टेशनपर्यंत जाऊ नका. आणि वसतिगृहात आठनंतर जेवण मिळत नाही, तेव्हा केडगावलाच भेळ बांधून घेऊन गाडीत चढा. कांदा वेगळा घ्या, नाही तर उरुळीपर्यंत सगळी भिजते.