शाळा व्यवस्थापन समितीची निवडणूक : तुर्भ्यातील एका पालकाचा अनुभव

नवी मुंबई महापालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यावर पालक निवडून जातात, हे आमच्या वस्तीतील बहुतेक आईवडिलांना ठाऊक नव्हते. कार्यालयाबाहेर अधूनमधून नावांची यादी लागते आणि तीत गावठाणातील ठरावीक घरे असतात, एवढीच त्यांची माहिती. मी परभणी जिल्ह्यातून आलेला, वाशीच्या दाणा बाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहिणारा माणूस. तुर्भ्यात माझे स्वतःचे घर नाही, भावकी नाही आणि कोणत्याही पक्षाच्या शाखेत ऊठबस नाही. मुलगी पाचवीत गेली त्या वर्षी मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येत नसल्याची तक्रार घेऊन मी शाळेत गेलो, तेव्हा विषय समितीत मांडावा लागेल असे सांगण्यात आले. तेव्हा समितीतच जावे, असे मी ठरवले.

पहिला आक्षेप माझ्या मतदानावर आला. ‘तुमचे मतदान गावी, मग इथे कसे उभे राहता?’ हा प्रश्न मला शाळेच्या फाटकावरच विचारला गेला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी शिक्षण हक्क अधिनियम, २००९ मधील कलम २१ मी मुळातून वाचले. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या जागी महिला असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणात स्थान मिळावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. अध्यक्ष पालक सदस्यांतूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. पालकाचे नाव कोणत्या मतदारयादीत आहे किंवा तो भाड्याच्या खोलीत राहतो का, याचा तेथे संबंध नाही. मूल शाळेच्या पटावर असले की पुरे. मुख्याध्यापकांनीही ते लगेच मान्य केले.

खरी अडचण सभेच्या वेळेची निघाली. पालकसभेची सूचना कामाच्या दिवशी सकाळी अकराची होती. भाजी मार्केटमध्ये रात्रभर माल उतरवणारे बाप त्या वेळी झोपलेले असतात, नाक्यावरचे मजूर कामावर गेलेले असतात आणि आया वाशी-सानपाड्याच्या सोसायट्यांत धुणीभांडी करत असतात. म्हणजे ज्यांची मुले पटावर सर्वाधिक, तेच सभेला नसणार. ही वेळ कोणी कपटाने ठरवली होती असे मला वाटत नाही, कारण शाळेच्या वेळापत्रकात तीच सोयीची होती. रविवारच्या मागणीला शिक्षकांनी नकार दिला, आणि त्यांचे चुकलेही नाही. शेवटी पालकांच्या सह्यांचा अर्ज दिल्यावर शनिवारी दुपारी चारची वेळ ठरली. बायकांच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या कामांमधला तेवढाच मोकळा वेळ असतो.

प्रचार म्हणावा असे मी फारसे काही केले नाही. तुर्भे स्टोअर्स आणि इंदिरानगरच्या गल्ल्यांतून संध्याकाळी फिरून सभेची वेळ सांगितली, कलबुर्गीकडच्या कुटुंबांना त्यांच्यातल्याच एका बाईंकडून कन्नडमध्ये समजावले. त्या बाईंनाच मी उभे राहण्याचा आग्रह धरला. त्यांचे यजमान म्हणाले, ‘नाव हिचे लावा, बैठकीला मी येईन.’ ही पद्धत इतकी रूढ आहे की त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. मी त्यांना सांगितले की स्वच्छतागृहाचा विषय तुम्ही मांडणार असाल तर खुशाल या. त्यावर ते हसले आणि पुढे काही बोलले नाहीत.

माजी अध्यक्ष आगरी समाजातील, गावठाणात मान असलेले गृहस्थ. वर्गांतील पंखे त्यांनी देणगीदार मिळवून बसवले होते, हे मी प्रत्येक घरी आवर्जून सांगत असे. त्यांच्या बाजूचा एक तरुण मला म्हणाला, ‘काका, आमच्या जमिनी गेल्या म्हणून हे शहर उभे राहिले.’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. औद्योगिक वसाहतीसाठी आणि नंतर नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी येथील गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. हा इतिहास मान्य करूनच मी त्याला विचारले की आज पटावर ज्यांची मुले आहेत त्यांनी पाण्याविषयी कोणाकडे बोलावे. त्याने उत्तर दिले नाही, पण सभेत आडही आला नाही. २०२० च्या मेमध्ये नगरसेवकांची मुदत संपून महापालिकेवर प्रशासक आल्याने कोणा नगरसेवकाचा शब्दही त्या वेळी मध्ये नव्हता, आणि माझ्यासारख्याच्या ते पथ्यावरच पडले.

सभेला व्हरांड्यातही माणसे उभी राहिली. इयत्तावार नावे पुकारून हात वर करून मते घेतली. मी आणि त्या बाई, दोघेही निवडून आलो. अध्यक्षपदाच्या मतदानात मात्र मी हरलो आणि जुनेच अध्यक्ष पुन्हा आले. मला ते फारसे लागले नाही, कारण कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम संपूर्ण समितीचे आहे आणि त्यात सदस्याला आपला विषय लिहून देता येतो. पहिल्याच बैठकीत बाईंनी पाण्याचा विषय मांडला, अध्यक्षांनी अनुमोदन दिले आणि ठराव इतिवृत्तात आला. त्या इतिवृत्ताची प्रत जोडून अर्ज गेल्यावर महापालिकेचा कनिष्ठ अभियंता पाहणीस आला. दिवाळीनंतर टाकीची जोडणी झाली. वाचनालयाची खोली मात्र अजून आराखड्यातच आहे, आणि प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेत ती यावी म्हणून मी आधी लेखी पत्र देत असतो.