बोका गादीवर शू करायला लागला तेव्हा... माझा अनुभव

आमचा गुंड्या, पाच वर्षांचा बोका, नसबंदी झालेला, लिटर ट्रेच्या (शी-शूसाठी ठेवलेला वाळूसारख्या दाण्यांचा ट्रे) बाबतीत अगदी शिस्तीचा, आणि त्याने एकदम गादीवर शू करायला सुरुवात केली. आधी गादी, मग बाथरूमचं पायपुसणं, मग धुवायच्या कपड्यांचा ढीग. घरात सगळ्यांचं एकच मत, हा रागावलाय, मुद्दाम करतोय, एकदा चांगला ओरडा म्हणजे सुधारेल. मला ते पटतच नव्हतं कारण मांजर असा सूड वगैरे घेत नाही, सवय मोडते तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. हे लिहितेय ते त्याचसाठी, कारण मांजर पाळणाऱ्या बऱ्याच घरांत हीच गोष्ट 'वाईट सवय' म्हणून आठवडेच्या आठवडे चालू राहते आणि तेवढे दिवस ते जनावर दुखणं सहन करत बसतं.

मी दोन गोष्टी बघायला लागले. एक म्हणजे तो शू करताना उभा राहतो का बसतो. बोके हद्द आखतात तेव्हा उभं राहून, शेपटी ताठ करून थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी पिचकारी मारतात. गुंड्या तर बसत होता, सपाट जागेवर, म्हणजे हे हद्द आखणं नव्हतं. दुसरं म्हणजे ट्रेमधले गोळे, म्हणजे शू पडली की लिटरचे होतात ते. एरवी दिवसाला दोन-तीन मोठे, मुठीएवढे गोळे निघायचे, आता गोटीएवढे बारीक बारीक कितीतरी. आणि एका सकाळी तो ट्रेत गेला, उकरलं, पाठ वाकवून बराच वेळ बसला, काहीच नाही, बाहेर आला, दोन पावलं चालून फरशीवर परत बसला आणि तिथे चार थेंब पडले, पांढऱ्या फरशीवर स्पष्ट गुलाबी दिसणारे. मग खालची जागा चाटत बसला ते थांबेचना. मी त्या थेंबांचा फोटो काढला, ट्रेमध्ये बसतानाचा व्हिडिओ काढला आणि सरळ डॉक्टरांकडे. (व्हिडिओ खरंच काढून ठेवा, क्लिनिकमध्ये मांजर घाबरून गोठून बसतं आणि घरी जे करतं त्यातलं काहीच तिथे दिसत नाही.)

डॉक्टरांनी सगळ्यात आधी पोट दाबून ब्लॅडर, म्हणजे लघवीची पिशवी, बघितलं. ते लहान आणि रिकामं लागलं तेव्हा म्हणाले ठीक आहे, ब्लॉक नाहीये. मग त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक बोकावाल्याला माहिती हवं. बोक्याची मूत्रनळी मांजरीपेक्षा खूप अरुंद असते, त्यात बारीक क्रिस्टल्स किंवा चिकट गाळाचा बूच बसला की लघवी पूर्ण बंद होते, ब्लॅडर दगडासारखं टणक होतं, रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावू शकतं. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय म्हणून कुंथतोय, आणि त्यात वेळ जातो. बोका परत परत ट्रेत जातोय, एक थेंबही येत नाहीये, ओरडतोय, उलटी करतोय, निपचित पडलाय, तर रात्र असली तरी त्याच क्षणी निघायचं, सकाळची वाट बघायची नाही.

गुंड्याची लघवी सोनोग्राफीत बघत सुईने थेट ब्लॅडरमधून काढली, त्यासाठी ते जरा भरेपर्यंत थांबावं लागलं. मला फार भीती वाटत होती पण त्याने हूं की चूं केलं नाही. रिपोर्टमध्ये रक्त होतं, पण बॅक्टेरिया नाहीत. सोनोग्राफीत खडा नाही. निदान झालं फिलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस, ब्लॅडरला सूज आहे पण इन्फेक्शन नाही आणि खडाही नाही. दहा वर्षांखालच्या मांजरांमध्ये लघवीच्या त्रासाच्या निम्म्याहून जास्त केसेस ह्याच निघतात म्हणे, आणि त्यामागे स्ट्रेसचा मोठा हात असतो. त्यामुळे अँटिबायोटिक दिलंच नाही, फक्त दुखण्यावरचं औषध दिलं, वजनावर मोजून. इथे एक गोष्ट ठासून सांगते, माणसांचं पॅरासिटामॉल मांजराला अजिबात देऊ नका, त्यांच्या लिव्हरला ते पचवता येत नाही, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

औषधाने काही दिवसांत गोळे परत मोठे झाले. पण डॉक्टरांचा प्रश्न डोक्यात राहिला होता, घरात नवीन काय झालंय? आम्ही म्हटलं काहीच नाही. मग घरी गुंड्या दिवसभर कुठे असतो ते नीट बघितलं तर संध्याकाळी बाहेरचा एक दांडगा बोका खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसायचा, काचेला तोंड लावून, आणि आमचा आत कान मागे पाडून, शेपटी आपटत तिथेच खिळलेला. आणि ट्रे कुठे? त्याच खिडकीखाली! आम्हाला ते नुसतं खिडकीत बसणं वाटत होतं, त्याच्यासाठी ती रोजची चकमक होती.

काचेच्या खालच्या भागाला बाहेरचं न दिसणारी फिल्म लावली, ट्रे तिथून हलवला आणि दुसरा एक ट्रे घराच्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवला (नियम असा की जितकी मांजरं त्यापेक्षा एक ट्रे जास्त). झाकणवाला ट्रे काढून मोठा उघडा आणला, बिनवासाचं लिटर. पाण्याचे वाडगे खाण्यापासून लांब, दोन-तीन जागी. ड्राय फूड कमी करत वेट फूड वाढवलं, पण हळूहळू, कारण खाणं एकदम बदललं की मांजर उपाशी राहतं आणि ते वेगळंच संकट. लघवी जितकी पातळ तितकी ब्लॅडरची जळजळ कमी, म्हणून पाणी पोटात जाणं सगळ्यात महत्त्वाचं. गादी एन्झाइमवाल्या क्लीनरने धुतली. फिनाईल नको, ते मांजरांना विषारी असतं, आणि अमोनियावाल्या क्लीनरचा वास त्यांना लघवीसारखाच येतो म्हणून तिथेच परत करतात. आणि ओरडणं पूर्ण बंद, घरातल्या सगळ्यांना बजावून सांगितलं, कारण भीतीने हाच त्रास वाढतो.

हा आजार परत उलटू शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं, पुढे घरात रंगकाम निघालं, माणसांची ये-जा, सामान इकडेतिकडे, आणि बारीक गोळे परत दिसले. ह्या वेळी पहिल्याच दिवशी कळलं, डॉक्टरांनी ब्लॅडर तपासून तेच औषध दिलं, गुंड्याला रंगकाम संपेपर्यंत मागच्या खोलीत ट्रे, पाणी आणि त्याच्या खोक्यासकट ठेवला, आणि रक्त दिसायच्या आतच ते आटोक्यात आलं. घरातल्यांनीही ह्या वेळी 'रागावलाय' म्हटलं नाही, उलट आईनेच आधी हाक मारली की गोळे लहान दिसतायत, बघ जरा.