जी ३

रविवारी दुपारी जुन्या बाजारात काही घ्यायला जायचं नसतं, नुसतं फिरायचं असतं. हे वाक्य मी घरी इतक्या वेळा म्हटलंय की हल्ली बायको काही न बोलता पिशवी हातात देते. तर गेल्या रविवारी एका ताडपत्रीवर गंजकी कुलुपं, सायकलच्या घंट्या, मेलेले रिमोट आणि नळाच्या तोट्या यांच्या ढिगाखालून एक काळपट दांडा डोकावत होता. उचलला आणि वजनावरूनच कळलं. दाढीचं मशीन.

ज्यांना हा नाद आहे त्यांना पुढचं सांगायला नको, हात आपोआप चालायला लागतात. आधी किल्लीच्या जुडग्यातलं लोहचुंबक लावून बघायचं, चिकटलं नाही म्हणजे अंग पितळेचं असायला जागा आहे. मग खालची मूठ फिरवायची. याची मूठ फिरली, थोडी कुरकुरली, आणि वरच्या दोन झडपा देवघराची दारं उघडावीत तशा उघडल्या, पण अर्ध्यातच अडकल्या, कारण आत कुणाच्या तरी साबणाचा थर दगड होऊन बसला होता. दोन्ही झडपा मिटून उजेडासमोर धरलं, दोन्हीकडची फट सारखी. दांड्याचं खालचं टोक घागऱ्यासारखं पसरलेलं. जिलेटचं सुपर स्पीड, अमेरिकन. आता हे पुण्यात कसं आलं ते विचारू नका, कुणाच्या तरी भावानं किंवा मेव्हण्यानं बोटीवरून आणलं असणार.

खरं तर एवढं बघून झाल्यावर ते उलटं करून बघायचं असतं. ते मी मुद्दाम लांबवलं, कारण तोवर डोक्यात एक गोष्ट सुरू झाली होती.

गोष्ट माझी नाहीच, उसनी आहे. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तो दिवस. बुधवार होता. आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, नारायण पेठेतल्या वाड्यात तळमजल्यावर राहायचे. सोमवारी आणि शनिवारी दाढीला हात लावायचा नाही असा त्यांचा नेम, त्यामुळे बुधवारची दाढी जरा सावकाश, दोन हात फिरवून. दाढी झाली, मशीनचे तीन तुकडे सुटे करून धुतले, ब्लेड पुसून त्याच्या मेणकागदात परत गुंडाळलं (तेव्हाची ब्लेडं गंजायची, स्टेनलेसचं कौतुक अजून यायचं होतं) आणि सगळं खिडकीत पंचावर वाळत ठेवलं. मग पाणी आल्याची ओरड झाली, आणि सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले. परत आले तेव्हा भिंत नव्हती, म्हणजे खिडकीही नव्हती. आजी पुढं आयुष्यभर तांब्याच्या बंबासाठी हळहळली, आणि अण्णा त्या मशीनसाठी. कुणा मित्रानं लढाईवरून परत आल्यावर त्यांना दिलेलं ते. गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत आल्यावर त्यांनी नवीन मशीन घेतलं, पण "त्याची सर नाही" हे दर एक दिवसाआड म्हणून घेतलं.

म्हणजे बघा, पुरात गेलेलं मशीन, चौसष्ट वर्षं कुठं कुठं चिखलात, भंगारात, कुणाच्या माळ्यावर पडून शेवटी नातवाच्या हातात. जुन्या बाजारात उन्हात उभं राहून माणूस काय वाटेल ते मानायला तयार असतो. तीन तुकड्यांचं होतं आणि हे दारांचं आहे, ही बारीकशी अडचण मी बाजूला सारली.

मग उलटं केलं.

झडपांच्या खालच्या पाटीवर, दांड्याच्या एका बाजूला एक अक्षर आणि दुसऱ्या बाजूला एक आकडा असतो. अंगठ्यानं मळ खरवडला. इंग्रजी जी. आणि ३. जिलेटवाल्यांनी पन्नाशीच्या दशकात ही पद्धत चालू केली, अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडा म्हणजे वर्षाची तिमाही. मी अजूनही बोटांवरच मोजतो, ए पंचावन्न, बी छप्पन्न, सी सत्तावन्न, डी, ई, एफ, जी. जी म्हणजे १९६१. तिसरी तिमाही, जुलै ते सप्टेंबर.

म्हणजे पुण्यात पाणी शिरलं त्याच तिमाहीत हे तिकडं अमेरिकेत तयार होत होतं. त्या बुधवारी अण्णांच्या खिडकीत हे असणं शक्यच नाही. एक अक्षर आणि एक आकडा, एवढ्यात गोष्ट संपली. ज्ञान वाईट असतं असं मी म्हणत नाही, पण ते जरा उशिरा यावं.

"काका, घेताय की मोजताय?" दुकानदार म्हणाला. पाचशे सांगितले. मी दीडशे म्हटलं. "पितळ आहे काका, नुसत्या वजनावर घातलं तरी..." वगैरे. शेवटी अडीचशेवर आलो आणि त्यानं वर एक सायकलची घंटा टाकली. घंटेचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

घरी आल्यावर कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश. बस. लोक उकळत्या पाण्यात टाकतात, व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवतात, आणि मग मुलामा उडाला म्हणून रडतात. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवलं की साबण आपणहून सोडतो. पाणी राखाडी झालं, मग दुसरं, मग तिसरं. दर वेळी मला हे विचित्र वाटतं, की हा कुणाच्या तरी दाढीचा साबण आहे आणि तो माणूस बहुतेक आता नाही, आणि मी सिंकमध्ये त्याच्या शेवटच्या दाढ्या वाहून घालवतोय. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, माझ्या ब्रशनं घासत नाहीयेस ना?

मुठीत मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. दारं आता गपकन मिटायला लागली. तो आवाज मी जरा जास्तच वेळा ऐकला.

लहानपणी हा आवाज आमच्या घरात नव्हता. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं मशीन साधं, पिळून उघडायचं. सकाळी गॅलरीत स्टुलावर बसायचे, आरसा खिडकीच्या गजाला टांगलेला, वाटीत गोल साबण, आणि ब्रशचा फेस कानापर्यंत. गाल फुगवून वर बघायला लागले की त्यांना काहीही विचारलं तरी उत्तर "हूं" येणार, म्हणून प्रगतिपुस्तकावर सही घ्यायची ती वेळ. ब्लेड बोथट झालं की काचेच्या ग्लासात आतून बोटानं दाबून गोल गोल घासायचे, आणि आणखी दोन दाढ्या काढायचे. त्यानंतर ते ब्लेड आईच्या शिवणाच्या डब्यात उसवायला, तिथून मधोमध मोडून अर्धं माझ्या कंपासपेटीत पेन्सिलीला. एक टोपाझचं ब्लेड आमच्याकडे चार खाती बदलून निवृत्त व्हायचं. शेवटी तुरटीचा खडा. तो मला चाटायला आवडायचा, यापेक्षा जास्त सांगत नाही.

मजा म्हणजे वाण्याकडचं ते ब्लेड आजही या १९६१ च्या मशीनला चपखल बसतं, आणि त्याच्याही आधीच्या मशीनला बसतं. जिलेटनं १९०३ साली विकायला सुरुवात केली तेव्हा वर्षभरात ५१ मशीनं आणि १६८ ब्लेडं खपली होती. त्या ५१ पैकी एखादं उद्या कुठं सापडलं तरी कोपऱ्यावरून ब्लेड आणून दाढी करता येईल. माझ्या तीन वर्षांपूर्वीच्या फोनचा चार्जर मिळत नाही, हे आपलं जाता जाता.

सोमवारी सकाळी दाढी केली. अण्णांचा नेम मोडला. दाब द्यायचा नाही, वजन मशीनचं आहे, हात फक्त वाट दाखवायला, हे मला चांगलं माहीत असूनही हनुवटीखाली एक चिरा घेतलाच, कारण पाच पात्यांच्या प्लास्टिकवर वाढलेला हात दाबल्याशिवाय राहत नाही. बाकी दाढी अशी झाली की ऑफिसात दोनदा गालावरून हात फिरवला.

तुरटी लावून बाहेर आलो तेव्हा अप्पा जेवणाच्या टेबलाशी पेपर घेऊन बसले होते. एक्याऐंशी वय, हल्ली न्हावी घरी येतो. दाखवायचं म्हणून मशीन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर केला, मूठ फिरवली, दारं उघडली, मिटली. पुन्हा उघडली.

"अण्णांचं आहे हे."

मी म्हटलं, "अप्पा, अण्णांचं तीन तुकड्यांचं होतं ना? तुम्हीच सांगायचा."

"तू होतास का तिथं?" ते म्हणाले. "मी होतो."

यावर काय बोलणार. ते सतरा वर्षांचे होते. पाटीवरचं जी ३ मी दाखवलं नाही. त्यांनी मशीन पेपरावर ठेवलं, मग उचलून रुमालावर ठेवलं, आणि म्हणाले, नवीन ब्लेड लावून ठेव, बुधवारी मी माझी करीन.

ब्लेड लावून ठेवलंय. त्यांचा उजवा हात दिवाळीपासून चांगलाच थरथरतो, चहाची कपबशीसुद्धा आता अर्धीच भरून द्यावी लागते. उद्या बुधवार.